आगरातला सुतार

फाल्गुन लागला की आमच्याकडची गुऱ्हाळे थंडावतात. खोडव्याला पाणी देऊन झालेले असते, आणि शेतकऱ्याला चार दिवस पाय मोकळे करायला सवड मिळते. यंदा त्या सवडीत कोकणात जायचे निमित्त ताईच्या फोनने दिले. तिचे सासर गुहागरच्या अलीकडे, एका लहानशा वाडीत. घरामागे माडा-पोफळींचे आगर. फोनवर ती म्हणाली, "आगरातला एक चांगला धरता माड शेंड्याला सुकत चाललाय. तुझे दाजी म्हणतात, सुतार पक्ष्यानं पोखरला. तेव्हापासून पोरगं बेचकी घेऊन दिवसभर त्या पाखरामागं. अभ्यास नाही, जेवणाची शुद्ध नाही. तू ये एकदा. पाखराचं तुला कळतं."

मला पाखराचे फार कळते असे नाही. बांधावर बसून भाकरी खाताना समोर जे दिसते ते बघत बसायची सवय आहे, एवढेच. पण ताईने बोलावले आणि भाचा बेचकी घेऊन हिंडतोय म्हटल्यावर जाणे भागच होते. पिशवीत काकवीची बाटली आणि नव्या गुळाची ढेप घातली आणि निघालो.

जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. सुतार म्हणजे कोणता पक्षी, याचाच आपल्याकडे मोठा घोटाळा आहे. अंगणात लांब बाकदार चोच मातीत खुपसत चालणारा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला पक्षी दिसला की आमच्या गावात लहानथोर सगळे "सुतार आला" म्हणतात. तो सुतार नव्हे, तो हुदहुद. त्याची चोच लाकडात चालत नाही, भुसभुशीत मातीत चालते. तिथल्या अळ्या, कोष आणि किडे तो वेचून खातो. खरा सुतार झाडाच्या उभ्या खोडाला पालीसारखा चिकटतो आणि टणाटण उड्या घेत वर चढतो. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. शेपटीची पिसे ताठ असतात, ती खोडाला टेकवून तो बसतो. तीन पायांचे तिवईसारखे बसणे झाले म्हणा ना!

आमच्या बांधावरच्या बाभळीवरही एक खरा सुतार येतो. साळुंकीपेक्षा लहान, अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर आणि नराच्या डोक्यामागे तांबडा ठिपका. हा कोरड्या, विरळ झाडीचा रहिवासी. जॉन लॅथम नावाच्या इंग्रज पक्षिअभ्यासकाने १८०१ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात आपल्या मुलखाचा उल्लेख आहे. 'मराठेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. आपल्या नावाचा पक्षी आपल्या बांधावर असतो आणि आपल्याला ठाऊक नसतो. मलाही तो फार उशिरा कळला.

कराडहून सकाळची गाडी धरली. पाटणपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, मग हळूहळू डोंगर जवळ येतात. कोयनानगर मागे पडले की हवा बदलते आणि झाडीही बदलते. घाटमाथ्यावर चहासाठी गाडी थांबली. टपरीच्या मागे दरीच्या कडेला सावरीचे एक जुने झाड होते. अंगावर पान एक नाही, पण शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत तांबडी फुले. खाली फुलांचा सडा. आणि वर नुसता बाजार भरलेला.

साळुंक्या होत्या, कावळे होते. कोतवाल होता, बुलबुलांचे जोडपे होते. इवलासा शिंजीर फुलाफुलावर लोंबकळत होता. एक खारही पुढच्या पायांत फूल धरून बसली होती. आणि त्या गर्दीत, सोन्यासारख्या पिवळ्याधमक पाठीचा, तांबड्या तुऱ्याचा सोनपाठी सुतार! मी कप हातात धरून बघतच राहिलो. एरवी खोड सोडून न हलणारा हा पक्षी फांदीच्या टोकाला आडवा बसला होता आणि एकेका फुलात चोच घालून मान वर करीत होता.

माझ्या शेजारी कंडक्टर उभा होता. तो म्हणाला, "किडा शोधत असंल."

एखादा फुलात पडलेला किडा त्याला मिळतही असेल. पण तो आला होता मधासाठी. सावरीचे फूल जाड पाकळ्यांच्या पेल्यासारखे असते, आणि त्याच्या बुडाशी पातळ गोड रस साठतो. चोच आत घातली की डोक्याला आणि गळ्याला पराग लागतो. पक्षी दुसऱ्या झाडावर गेला की तो पराग तिथल्या फुलाला मिळतो आणि फळ धरते. त्याच फळातून पुढे उशीसाठी कापूस मिळतो. सालिम अलींनी १९३२ साली भारतातल्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांवर आणि पक्ष्यांवर अवलंबून असणाऱ्या फुलांवर एक मोठा लेखच लिहिला होता. हे सालिम अली तसे कोकणाला परके नव्हेत. सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा आणि संसाराचा त्यांचा नावाजलेला अभ्यास १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला झाला.

लाकूड फोडणारा सुतार फुलातला मध पितो, हे पाहून मला जरा हुरूप आला. ज्याला आपण एका धंद्याचा समजतो, तो किती धंदे करतो ते बघावे, असे मनात घेऊनच मी गाडीत बसलो. कुंभार्ली घाट उतरला, पोफळी आणि शिरगाव मागे पडले, चिपळूण आले. तिथून गाडी बदलून गुहागरच्या वाटेला लागलो. वाटेत कुठे कुठे पंगारा फुललेला होता, आणि त्याच्यावरही तीच गर्दी.

ताईचे घर जांभ्या दगडाचे, कौलारू. पुढे अंगण आणि पडवी, मागे विहीर, आणि विहिरीपासून थेट गडग्यापर्यंत आगर. माड, त्यांच्या मधून पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, पाटाच्या कडेने केळी. दुपारच्या उन्हातही तिथे सावली आणि ओल. देशावरच्या माणसाला आगरात शिरले की आपण कोणाच्या तरी घरात आलो असे वाटते. एका कोपऱ्यात, हद्दीवर, सावरीचे एक जुने झाड होते. त्याचा निम्मा भाग पार वाळलेला, आणि वाळल्या फांद्यांना भोके पडलेली.

दाजींनी हातपाय धुवायलाही दिले नाहीत. थेट त्या माडाखाली नेले. पंधरा-सोळा वर्षांचा, भर उमेदीचा माड. मधल्या झावळ्या पिवळ्या पडलेल्या, शेंड्याचा कोंब कलंडलेला. खोडावर पुरुषभर उंचीच्या वर दोन-तीन ठिकाणी टोचून काढलेली ताजी भोके.

"बघा," दाजी म्हणाले. "रोज सकाळी येतो आणि इथंच ठोकतो. दुसऱ्या माडाला हात लावत नाही. मग हाच माड का सुकला? सांगा तुम्ही."

दाजींचे म्हणणे वरवर बिनतोड होते. भाचा शेजारी बेचकी घेऊन उभाच होता. मी म्हटले, "दाजी, आज मला जरा बघू द्या. उद्या बोलू." भाच्याला म्हटले, "आणि तू उद्या पहाटे माझ्याबरोबर बसायचं. बेचकी खिशात ठेवायची." मामाचा शब्द म्हणून तो कसाबसा कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघे विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसलो. थोड्या वेळाने खळखळून हसल्यासारखा आवाज आला, आणि हवेत वरखाली झोके घेत सोनपाठी सुतार येऊन त्या माडाला चिकटला. डोक्यावरचा तुरा पुरा तांबडा, म्हणजे नर. मादीच्या कपाळाचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके असतात, तुरा मागेच तेवढा तांबडा. त्याने खोडावर हलकेच दोन टोले दिले, थांबला, सरकला, पुन्हा दोन टोले दिले. डॉक्टर पाठीवर बोटे ठोकून बघतो तसे. मग एका जागी दणादण चोच चालवली, आणि भोकात तोंड घालून काहीतरी ओढून काढून गिळले.

"मामा, काय खाल्लं त्यानं?" भाच्याने कुजबुजत विचारले.

"अळी. लाकूड नव्हे."

सुताराची जीभ ही मोठी नवलाची वस्तू आहे. ती चोचीबाहेर लांबवर निघते. टोकाला बारीक काटे असतात, लाळ चिकट असते. एवढी लांब जीभ तो ठेवतो कुठे? जिभेला आधार देणारी बारीक हाडे घशाकडून निघून कवटीच्या मागून वळसा घेतात आणि डोक्यावरून पुढे नाकपुड्यांपर्यंत येतात. दोरी रहाटाला गुंडाळावी तशी ही सोय. मी हे भाच्याला विहिरीचा रहाट दाखवूनच सांगितले. त्याला ते इतके आवडले की बेचकी त्याने आपणहून कठड्यावर ठेवली.

एवढ्यात मागल्या दाराने ताईच्या सासूबाई आल्या. त्यांना मी मावशी म्हणतो. त्यांनी गडग्यावर रोजच्यासारखा कावळ्याचा घास ठेवला. रात्रीचा थोडा भात, आणि बाजूला फार पिकलेले अर्धे केळे. मावशी आत गेल्या, आणि माडावरचा सुतार सरळ गडग्यावर उतरला! दगडाला तिरका चिकटून त्याने भाताची चार शिते उचलली, केळ्यात दोनदा चोच मारली. तेवढ्यात कावळे आले, तसा ओरडत निघून गेला.

मी मावशींना हे सांगितले. त्या हसल्या. "अरे, तो माझा रोजचा पाहुणा. कावळ्याच्या आधी येतो. मी कोणाला सांगितलं नाही, म्हटलं उगाच पोरगं टपून बसेल."

सोनपाठी सुताराची ही सवय पक्ष्यांच्या अभ्यासकांनीही नोंदवलेली आहे. माणसाच्या वस्तीजवळ राहून राहून तो गळून पडलेली फळे आणि खरकटेही खायला शिकला आहे. मूळ आहार मात्र मुंग्या, वाळवी आणि सालीखालच्या अळ्या. न्याहारी करता करता मी दाजींना म्हटले, "जो भात खातो, केळं खातो, फुलातला मध पितो, त्याला लाकूड खायची काय गरज? विळी भाजी चिरते, म्हणून ती भाजी खाते असं आपण म्हणतो का?" दाजी काही बोलले नाहीत. पण त्यांनी त्या दिवशी पाडेल्याला बोलावणे धाडले.

पाडेली दुसऱ्या दिवशी यायचा होता. मधला दिवस मी आणि भाच्याने आगरात आणि मागच्या काजूच्या बागेत काढला. आणि तिथे जे दिसले ते मी या आधी कधी पाहिले नव्हते.

काजूच्या एका फांदीला नारळाएवढा तपकिरी गोळा लागला होता. चिखल आणि कागद एकत्र मळून केल्यासारखा. जवळ जाऊन पाहिले तर त्यावर लहान काळ्या मुंग्यांची धावपळ, पोटाचा भाग पाठीवर उचलून धरलेला. आंब्यावर पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या ओंबील वेगळ्या. या मुंग्या झाडपाल्याचा चोथा चावून त्याचे घर करतात. आम्ही बघत होतो तोच एक तांबूस तपकिरी रंगाचा, अंगावर बारीक काळ्या रेघा असलेला सुतार आला आणि त्या गोळ्यालाच चिकटून मुंग्या टिपू लागला. मुंग्या त्याच्या अंगावर चढत होत्या, तो खुशाल खात होता.

या तांबूस सुताराची कथा तर आणखी पुढची. विणीच्या दिवसांत हा पक्षी मुंग्यांच्या अशाच घराला भोक पाडतो, आत पोकळी करतो, आणि तिथेच आपली दोन-तीन पांढरी अंडी घालतो. मुंग्या बाहेरच्या माणसाला कडकडून चावतात, पण अंड्यांना त्रास देत नाहीत. पक्षी मात्र त्याच घरातल्या मुंग्या आणि त्यांची अंडी खात असतो. त्याच्या पिसांना चिकट पदार्थ लागलेला असतो, आणि तुटलेल्या मुंग्यांची डोकी अडकलेली सापडतात. भाडेकरूने घरमालकालाच जेवावे, असा हा प्रकार! हाच पक्षी पंगाऱ्याच्या आणि सावरीच्या फुलांवर मधासाठी येतो, आणि केळीच्या पानाच्या देठाशी चोच मारून तिथला रसही पितो.

"मग केळीचं नुकसान होत असेल," भाचा म्हणाला. आता तो वकिलासारखे प्रश्न विचारू लागला होता.

त्याला मी हद्दीवरच्या रायवळ आंब्याकडे नेले. फांद्याफांद्यांवर बांडगूळ. "हे कोणी लावलं ठाऊक आहे? अंगठ्याएवढ्या फुलटोच्यानं." हा पक्षी बांडगुळाची फळे अख्खी गिळतो. चिकट बी त्याच्या पोटातून न पचता बाहेर येते, आणि तो ते फांदीवर पुसून टाकतो. तिथेच ते रुजते आणि आंब्याचा रस शोषून वाढते. म्हणजे पक्ष्यांपासून नुकसान होतच नाही, असे म्हणणे खोटे. पण फुलटोच्याला मारून बांडगूळ जात नाही. फळ धरण्याआधी फांदीच्या तुकड्यासकट ते कापून टाकले तरच जाते. दाजींच्या त्या आंब्यावरचे काम पाच वर्षे राहिले होते.

दुपारी गडग्याबाहेरच्या काटेरी झुडपात खाटीक पक्ष्याचा साठा सापडला. एक टोळ आणि एक सरडुला, दोन्ही काट्यांना टोचून ठेवलेले. खाटकाने मांस टांगावे तसे, म्हणून तर त्याचे नाव खाटीक. संध्याकाळी डोंगराच्या बाजूला आणखी एक गंमत दिसली. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला झुबके असलेला भृंगराज एका सुताराच्या मागे मागे झाडाझाडावर जात होता. सुतार खोड ठोकतो, सालीखालचे किडे घाबरून उडतात, आणि भृंगराज ते हवेतच पकडतो. एकाची मेहनत, दुसऱ्याचे जेवण.

रात्री पडवीत निजताना भाच्याने विचारले, "मामा, सुतार खाटकासारखा साठवून ठेवतो का?"

आपल्याकडचा सोनपाठी नाही ठेवत. पण त्याचा एक भाऊबंद फार लांब, अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्नियाकडे राहतो. त्याचे सगळे कुटुंब मिळून एका झाडाला, बहुधा वाळलेल्या झाडाला, हजारो भोके पाडते आणि प्रत्येक भोकात ओक झाडाचे एकेक फळ ठोकून बसवते. एका झाडाला अशी ५० हजारांपर्यंत भोके आढळली आहेत. फळ वाळून सैल झाले की ते काढून लहान भोकात बसवायचे, म्हणजे चोराला सहज निघत नाही. आपण कणगी भरतो, तो झाड भरतो. कणगी भरून झाली की मग हिवाळाभर तिथून काढून खातो.

"वाळलेल्या झाडाला?" भाच्याने पुन्हा विचारले, आणि अंधारात हद्दीवरच्या सावरीच्या दिशेने बघत पडून राहिला.

सकाळी पाडेली आला. वय झालेला, पण अंगाने काटक. दाजी त्याला तात्या म्हणतात. तात्याने वर चढण्याआधी माडाच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि कान लावला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग भाच्याला हाक मारली. "ये, कान लाव."

भाच्याने कान लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. मग मी लावला. आतून कुरकुर, कुरकुर असा बारीक आवाज येत होता. कोणीतरी वाळली भाकरी चावत असावे तसा.

"सोंड्या भुंगा," तात्या म्हणाला. "ह्याच्या अळ्या आत आहेत. पाखरू अळ्यांसाठी येतंय. माड त्यानं नाही खाल्ला."

तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा हा भुंगा माडाच्या जखमेत किंवा कोवळ्या भागात अंडी घालतो. बिनपायाच्या जाड पांढऱ्या अळ्या खोड आतून पोखरत जातात. बाहेरून फार उशिरा कळते. खोडावरच्या भोकातून तपकिरी चिकट रस गळतो, चावलेला भुसा दिसतो, मधली पाने पिवळी पडतात, आणि शेवटी शेंडा कलंडतो. सुताराच्या भोकांच्या खाली दोन हातांवर तसा रस वाळलेला होता. आम्ही सगळे पाखराकडे बघत राहिलो, त्याच्याखाली कोणी पाहिले नाही.

पण तात्याचे बोलणे अजून संपले नव्हते. त्याने खोडावरच्या खाचा बोटाने दाखवल्या. "ह्या पायऱ्या कोणी पाडल्या? मी कधी माडाला कोयता लावत नाही. आणि झावळ्याही बुंध्याशी छाटल्यात. भुंग्याला दार उघडून दिलंत."

दाजी खाली बघू लागले. गेल्या साली तात्या आजारी होता, तेव्हा बाहेरून माणूस आणला होता. चढायला सोपे जावे म्हणून त्याने खाचा पाडल्या, झावळ्या खोडाशी सपाट कापल्या. दाजी तिथेच उभे होते. "मीच सांगितलं होतं पाड म्हणून," ते म्हणाले. घरातल्या मोठ्या माणसाने मुलासमोर असे बोलायला धैर्य लागते. भाचा काही बोलला नाही, पण मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याच्या हातात बेचकी नव्हती.

तो माड वाचण्यासारखा राहिला नव्हता. सुतारानेही तो वाचवला नव्हता, हे सांगितले पाहिजे. खोलवर पोखरलेल्या खोडातल्या अळ्या काही एक पाखरू संपवू शकत नाही. त्याने टोचलेली भोकेही शेवटी जखमाच. पण कुठे कीड आहे ते तो रोज सकाळी ठोकून सांगत होता. आमचेच ध्यान नव्हते.

माड तोडला, फोडला, आणि अळ्या-कोषांसकट जाळला. हे करावेच लागते. तोडून आगरातच कुजत टाकला तर सोंड्या त्यातून बाहेर पडतो. शिवाय कुजक्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा वाढतो. तो माडाचा कोवळा कोंब पोखरतो, मग पान उघडले की कात्रीने कापल्यासारखे दिसते. गेंड्याने केलेल्या जखमेत पुन्हा सोंड्या शिरतो. दोघांची अशी जोडी आहे. म्हणून माडाला खाचा पाडू नयेत, झावळी तोडताना हातभर तरी देठ खोडाला ठेवावा, आणि जखम झालीच तर डांबर लावून बुजवावी. शेजारच्या एका माडाच्या खोडावर रस नुकताच गळू लागला होता. त्यासाठी दाजींनी जाणत्यांचा सल्ला घेऊन उपाय सुरू केला, आणि भुंगे पकडायचा कामगंध सापळा आगरात लावला. कोकणातल्या बागायतदारांना यासाठी लांब जायला नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे. रोग ओळखल्याशिवाय औषध आणू नये, एवढे तिथे विचारले तरी पुरे.

करवत आणलीच आहे, तर हद्दीवरची वाळलेली सावरही काढून टाकू, असे दाजींच्या मनात आले. होळी तोंडावर होती, सरपणही झाले असते. माणसे तिकडे वळली तसा भाचा आडवा उभा राहिला. "बाबा, ती नको."

"का रे? तीही वाळलीच आहे. कुजका माड जाळला ना?"

प्रश्न रास्त होता, आणि मला वाटले मीच उत्तर द्यावे. पण पोराने दिले. "त्यात माडाचा भुंगा होत नाही. आणि वरच्या ढोलीत सुतार जातो. मी काल संध्याकाळी पाहिला."

आम्ही सगळे झाडाखाली गेलो. वाळल्या फांद्यांवर सहा-सात भोके होती. काही ताजी, काही जुनी. सुतार दरवेळी बहुधा नवी ढोली कोरतो, आणि जुन्या ढोलीत मग साळुंकी राहते, पोपट राहतो, पिंगळा राहतो. चोच कमी पडणाऱ्या कितीतरी पक्ष्यांचे घर असे सुताराच्या हातचे असते. पिंगळा रात्रभर किडे आणि उंदराची पिल्ले टिपतो. म्हणजे हे एक वाळलेले झाड म्हणजे आगराच्या राखणदारांची चाळच म्हणायची. आम्ही बघत असतानाच वरच्या भोकातून तांबडा तुरा बाहेर आला, आमच्याकडे पाहून पुन्हा आत गेला.

मावशी पदराने हात पुसत मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे रे. मी जाते तेव्हा ही सावर माझ्याएवढी तरी जुनी आहे असं समाधान असतं. गोठ्यावर येते तेवढी फांदी काढा." दाजींनी गोठ्यावर आलेली फांदी तेवढी काढवली आणि करवत गुंडाळून ठेवली. सावर राहिली.

आणि हो, कायद्याचेही सांगायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुताराला संरक्षण आहे. त्याला मारणे गुन्हा आहे. पण भाच्याने बेचकी टाकली ती कायद्याला भिऊन नव्हे. त्याने माडाला कान लावला होता.

परतीच्या वाटेवर घाटमाथ्यावरची ती सावर पुन्हा पाहिली. फुले बरीच झडली होती, बाजार उठायला आला होता. घरी आलो तर बांधावरची जुनी बाभळ एका बाजूने वाळलेली दिसली. यंदा उन्हाळ्यात ती तोडायची असे मी ठरवून ठेवले होते. वाळलेल्या फांदीला खालच्या अंगाला एक गोल, नीट कोरलेले भोक होते. मी रोज तिच्याखाली भाकरी खातो, पण मान वर करून तिथे कधी पाहिले नव्हते. बाभळ तशीच ठेवली आहे.

परवा ताईचा फोन आला. दुसऱ्या माडाने नवा कोंब सरळ सोडला आहे. तात्याचा मान राखून दाजींनी सगळ्या आगराच्या जखमांना डांबर लावून घेतले. आंब्यावरचे बांडगूळही निघाले. सुतार आता गडग्यावर दिवसातून दोनदा येतो आणि केळे घेऊन सावरीकडे जातो. ढोलीतून पिल्लांचा आवाज येतो, असे भाच्याचे म्हणणे. मावशींनी घासातला भात थोडा वाढवला आहे.